बाईंनी शालीखाली केलेला सौदा

बाई, तुम्ही मला फसवलंत. एकटीनं नाही, माझ्या बायकोला, मंदाला, हाताशी धरून. माझ्यासमोर बसून, मीच शिकवलेल्या खुणा वापरून.

सगळा जन्म जनावरांच्या बाजारात गेला माझा. शिंगं घासून, तेल लावून म्हातारा बैल तरणा म्हणून उभा केला, तर मी दावणीपाशी थांबतसुद्धा नाही, पुढं जातो. दुखरा पाय झाकायला जनावर उताराला उभं केलेलं मला लांबून कळतं. सोनईपासून नेवाशापर्यंत कुणालाही विचारा, मला गंडवलेला माणूस दाखवा म्हणावं. ते तुम्ही करून दाखवलंत. तुमचा तेरावा झाला, त्या संध्याकाळी मंदानं मला सगळं सांगितलं आणि तेव्हापासून मी तुमच्याशी मनात भांडतोय.

शाळेनं तुमच्यावर स्मरणिका काढायची ठरवली आहे. तुमचे विद्यार्थी लिहितील की बाईंनी किती पिढ्या घडवल्या. मुख्याध्यापक तुमच्या नोकरीची वर्षं लिहितील. मला ते जमणार नाही. माझा तुमच्याशी एक वाद चालू होता, तो तुम्ही अर्धा टाकून गेलात. मी त्याचंच लिहिणार आहे.

वादाला सुरुवात झाली ती एका शब्दावरून. आमची अर्चना तुमच्या वर्गात होती. तिच्या प्रगतीपुस्तकात इंग्रजीपुढे तुम्ही लिहिलं होतंत, ‘फेअर’. मला इंग्रजी येत नव्हतं, पण हा शब्द माहीत होता. लहानपणी रेशनच्या रांगेत उभा असताना दुकानाच्या पाटीवर तो रोज दिसायचा. रास्त भाव दुकान, आणि खाली इंग्रजीत फेअर प्राइस शॉप. खडे निवडायला लागायचे त्या गव्हात. माझं डोकं फिरलं. फटफटी काढली आणि शाळेत आलो.

“माझी पोरगी काय रेशनचा माल हाय व्हय?” मी दारातूनच म्हणालो.

तुम्ही वह्या तपासत होतात. वर न बघता म्हणालात, “बसा आधी.”

“बसायला न्हाई आलो.”

“मग उभ्यानं ऐका. फेअर म्हणजे बरी. वाईट नाही, उत्तम नाही, मधली.”

“मग गूड लिवा.”

“ते लिहून घ्यायचं नसतं. मिळवायचं असतं.”

“आसं करा, तुमी एक पायरी चढा, मी एक उतरतो. फेअरच्या वर आन् गूडच्या खाली काय असंल ते लिवा.”

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलंत. शेजारच्या सरांना वाटलं आता भांडण लागणार. तुम्ही पेन उचललंत, त्या शब्दापुढं अधिकची बारीक खूण केलीत आणि म्हणालात, “हे माझ्याकडून. आता तुमच्याकडून काय?”

मी म्हणालो, पोरीला रोज सांजच्याला वाचायला बसवीन. तुम्ही म्हणालात, “ठरलं.” बाजारात सौदा जमतो तेव्हा दोघं जसे दिसतात, तसे आपण दोघं दिसत असणार. मी घरी येऊन मंदाला सांगितलं, बाई खमकी हाय, पन तिला भाव कळतो.

पुढं अर्चना शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन नाशिकला गेली. तुम्ही निवृत्त झालात आणि एक दिवस निरोप पाठवलात की गाय घ्यायची आहे. तुमच्या नेवाशाच्या घराला मागं अंगण होतं, माणूस तुम्ही एकट्या. मी विचारलं, एवढी उठाठेव कशाला? तुम्ही म्हणालात, घरात माझ्यावर अवलंबून असलेलं कुणीतरी हवं. हे वाक्य तेव्हा मी कानाआड केलं.

बाजारात तुम्ही काळी छत्री घेऊन आलात. पुणतांब्याकडच्या एका शेतकऱ्याची तांबडी गाय मी हेरून ठेवली होती. शांत होती, कास चांगली होती. मी त्याच्या हातावर उपरणं टाकलं आणि आत बोटं धरायला सुरुवात केली. आमच्या बाजाराची ही जुनी रीत. तोंडानं भाव बोलायचा नाही. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच, आणि हजार की शेकडा ते माल बघून दोघांना कळतंच. वरून चेहरे कोरे ठेवायचे. आमचं जवळजवळ जमत आलं होतं. तेवढ्यात तुम्ही वाकलात आणि छत्रीच्या टोकानं उपरणं बाजूला केलंत.

“आत काय चाललंय?” तुम्ही विचारलंत.

शेतकऱ्यानं हात मागं घेतला. भोवतीची माणसं वळून बघायला लागली. असं मी जन्मात बघितलं नव्हतं, त्यानं तर नाहीच.

“ह्या कोन म्हनायच्या?” तो मला म्हणाला.

“घेनार ह्याच हायेत.”

“मग ह्यांन्ला सांगा, आमची गाय इकायची हाय, आब न्हाई.”

त्याला समजावण्यात माझी दुपार गेली. गाय मिळाली, पण पहिल्या बोलीपेक्षा चढून. चहाच्या टपरीवर मी तुमच्यावर तापलो. तुम्ही बशीत चहा ओतून शांतपणे म्हणालात, “हे फेअर नाही. भाव उघड हवा. सगळ्यांना कळायला हवा.”

मी म्हणालो, बाई, ज्याला बैल विकायची वेळ येते, त्याला गावासमोर पडत्या भावाची बोली ऐकायला लावायची का? उपरण्याखाली बोली मोडली तर ती फक्त दोघांना माहीत. तो मान वर करून घरी जातो. ह्याच्याइतकं फेअर दुसरं काय असतं?

तुम्ही बशी खाली ठेवलीत. मग म्हणालात, “ही दोघांची सोय झाली. तिसऱ्याचं काय?”

“तिसऱ्याचा काय संबंध?”

“असतो. त्याला तो उशिरा कळतो, एवढंच.”

तुमचं बोलणं मला तेव्हा मास्तरकी वाटलं. तुम्हीही पुढं ते विसरलात, असं दिसतंय.

त्यानंतर दर रविवारी मंदा आणि मी तुमच्याकडं यायला लागलो. गाय बघायची हे निमित्त. खरं म्हणजे तुमच्या ओट्यावर बसून भांडायला मला आवडायचं. घरात माझ्याशी कुणी भांडत नाही. मी आवाज चढवला की सगळे आत जातात. तुम्ही मात्र खुर्ची पुढं ओढून घ्यायचात.

एका रविवारी मी विचारलं, एकच शब्द रेशनच्या पाटीवर, पोरीच्या प्रगतीपुस्तकात, आणि तोंड गोरं करायच्या मलमावरसुद्धा. एवढ्या ठिकाणी राबतो म्हणजे हा नेमका कोण? तुमचा चेहरा असा खुलला की जणू मी तुम्हाला दागिना आणला होता. तुम्ही म्हणालात, हा एक नाहीच. हे दोघं आहेत. आडनाव एक, घराणी दोन. बाजार किंवा जत्रा म्हणतो तो फेअर रोमकडच्या जुन्या भाषेतून आला. तिथं त्याचा अर्थ सुटीचा दिवस, सणाचा दिवस. सणाला देवळाशी माणसं जमायची, माणसं जमली की विकणारे यायचे.

“म्हंजे यात्रेला बैलबाजार भरतो तसंच,” मी म्हणालो.

“तसंच. आणि दुसरा फेअर उत्तरेच्या थंड मुलखातला. त्याचा मूळ अर्थ सुंदर. सुंदर म्हणजे डाग नसलेला. मग लिहिलेलं डाग नसलेलं, म्हणून आपली पक्की वही ती फेअर वही. आभाळ डाग नसलेलं. मग वागणं डाग नसलेलं, म्हणजे न्यायाचं. आणि तिकडच्या लोकांना सुंदर म्हणजे गोरंच वाटायला लागलं, म्हणून गोरा तोही फेअर.”

मंदा सावळी आहे. तिला बघायला आलो तेव्हा माझी आई तोंड वाकडं करून बसली होती, हे तिनं अजून सोडलेलं नाही. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, “म्हंजे तिकडं बी सासवाच होत्या म्हना की.”

तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. त्या ठसक्याकडं मी नीट लक्ष द्यायला हवं होतं का, हे मी आता स्वतःला विचारतो. पण तेव्हा तुम्ही धडधाकट होतात. माणूस मागून बघायला लागला की प्रत्येक ठसक्यात त्याला काहीतरी दिसतं.

मग मी विचारलं, पण दोघांपैकी मधला कुठला? अर्चनाला दिलेला? तुम्ही म्हणालात, तोही सुंदर ह्याच घरचा. झिजत झिजत बरा एवढ्यावर आला. शब्दही वापरून म्हातारे होतात.

मी म्हणालो, ह्या न्यायवाल्या फेअरला आमच्यात चांगला शब्द आहे, निखोड. खोड नसलेला बैल. तुम्ही तो दोन-तीनदा तोंडात घोळवून बघितलात आणि मान हलवलीत. “जवळ आलात, पण नाही. निखोड बैल रानात एकटा उभा असला तरी निखोडच. फेअर व्हायला समोर कुणीतरी लागतं.”

मला ते पटलं नाही. मी म्हणालो, आणि ही दोन घराणी वेगळी, हेही मला पटत नाही. हजार वर्षं एका आडनावानं शेजारी राहिली तर सोयरीक होतेच. बाजार आणि न्याय काही उगीच एका पाटीखाली आले नाहीत. तुम्ही म्हणालात, उगीचच आले. योगायोगानं आले, आणि माणसानं त्या योगायोगावर विसंबू नये. हा वाद आपण किती रविवार ओढला, बाई. कधी मी वर, कधी तुम्ही. मिटवायची घाई दोघांनाही नव्हती. मिटवायला पुढचा रविवार होताच.

आणि मग तुम्हाला उपरण्याखालची बोटं शिकायची लहर आली. आता तुमचा हात मी कसा धरणार? तुम्ही शिक्षिका, मी व्यापारी, समोर रस्ता. शेवटी मंदाला मध्ये बसवलं. माझा हात तिच्या एका हातात, तुमचा हात तिच्या दुसऱ्या हातात, वरून तुमची निळी शाल. मी बोट धरायचं, मंदानं तेच तुमचं धरायचं. मंदा म्हणाली, “लगीन झाल्यापासून एवढा येळ हात धरला न्हवता ह्यांनी.” तुम्ही लवकर शिकलात. मंदा तुमच्याहून लवकर शिकली.

नंतर मी अंगणात गाईपाशी असायचो आणि तुम्ही दोघी ओट्यावर शालीत हात घालून बसलेल्या असायच्या. मी विचारायचो, “काय भाव फुटला?” मंदा म्हणायची, “वांगी महाग झाली.” तुम्ही चेहरा कोरा ठेवायचात. मला कौतुक वाटायचं. शिष्या चांगल्या तयार झाल्या म्हणून मी बाजारात चार लोकांना सांगितलं होतं.

ते काय होतं, ते आता कळलंय. आज किती दुखतंय, ते तुम्ही बोटांनी मंदाला सांगत होतात. एक बोट म्हणजे बरं. पंजा म्हणजे सहन होत नाही. मी समोर उभा, हातात पेंढी, आणि हसत विचारतोय की भाव काय फुटला.

तुम्हाला नगरला डोळे दाखवायचे होते. गाडी मीच चालवली. मंदाला तुम्ही सोबत आत नेलंत, मी दोरखंडाच्या दुकानात जाऊन कासरे बघत बसलो. त्या इमारतीत खाली डोळ्यांचा दवाखाना होता, वर पोटाच्या डॉक्टरांचा. तुम्ही आधी वर गेलात, मग खाली, आणि येताना खरंच नवा चष्मा घालून आलात. खोट्याला असा पुरावा जोडायची हुशारी आमच्या बाजारातसुद्धा थोड्यांना असते. परतीच्या वाटेवर मी म्हणालो, चष्मा शोभतो. तुम्ही म्हणालात, “आता सगळं स्पष्ट दिसतंय.” मंदा खिडकीबाहेर बघत होती.

पण एका ठिकाणी मला कळायला हवं होतं. तिथं मात्र मी माझ्या धंद्याला शोभलो नाही. तुम्ही गाय परत घ्या म्हणालात. चारा-पाणी होत नाही म्हणालात. मी सवयीनं बोली पाडून सांगितली, तुम्ही चढवाल म्हणून. तुम्ही म्हणालात, “चालेल.” एवढंच. जो माणूस भाव करत नाही, तो काहीतरी झाकतोय, हे मी नवशिक्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. तुम्ही एका खुणेसाठी माझ्याशी भांडलेल्या बाई. तुम्ही नुसतं चालेल म्हणालात आणि मी खुशीत गाय टेम्पोत चढवली. मंदा टेम्पोमागं बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, तिला गाईचा लळा आहे.

शेवटच्या रविवारी तुम्ही खाटेवर होतात. मला सांगितलेलं कारण ताप. मंदा स्वयंपाकघरात होती. तुम्ही शालीतून हात पुढं केलात. मी दाराकडं बघितलं, मग धरला. पहिल्यांदाच मध्ये मंदा नव्हती. तुम्ही कुठलं बोट दाबताय त्याची मी वाट बघत बसलो. तुम्ही कुठलंच दाबलं नाहीत. नुसता हात होता, हलका, कोरडा.

“बाई, बोली सांगा,” मी म्हणालो. “असा हात धरून ठिवला तर बाजारात भांडान होतं.”

“बोली नाही,” तुम्ही म्हणालात. “आज नुसता बाजार बघायला आलेय.”

मी हसलो. तुम्हीही हसलात. मंदा चहा घेऊन आली आणि मी हात सोडला.

तेराव्याला घरी आल्यावर मंदानं पायरीवरच बसून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती, पण फार आशा नाही असंही सांगितलं होतं. तुम्ही नको म्हणालात. मी ओरडलो, शेजारी बाहेर आले. मंदा मात्र ह्या वेळी आत गेली नाही.

“तुमाला सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?” ती म्हणाली.

“पुण्याला न्हेलं असतं. न्हाईतर मुंबईला. दावण रिकामी केली असती.”

“त्येच. बाई म्हनल्या, हे घासाघीस करतील. डॉक्टरशी करतील, माझ्याशी करतील, देवाशी बी करतील. आन् मला ह्यांच्यापुढं न्हाई म्हनता यायचं न्हाई. ह्ये जिकतील, आन् मला जिकून घ्यायचं न्हाई.”

माझ्याविषयी एवढं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं. तुम्ही माझा धंदा ओळखला होतात, त्याच्या आतला माणूसही ओळखला होतात. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, बाई, आणि हे मी भांडणात सूट म्हणून लिहीत नाही. माझी मुलगी तुमच्यामुळं ताठ उभी राहिली. मला शब्दांकडं जनावराचे दात बघावेत तसं उघडून बघायची सवय तुमच्यामुळं लागली. रविवारी दुपारी मी अजून फटफटीची किल्ली हातात घेतो आणि मग ठेवून देतो. तांबडी गोठ्यात आहे. तिला गिऱ्हाइकं येतात, मी भाव सांगत नाही.

पण सौदा मला मान्य नाही. मरण तुमचं होतं, ते कसं घ्यायचं ते तुम्ही ठरवलंत. इथवर मी येतो. एक पायरी उतरतो. मी हट्ट केला असता, हेही कबूल. पण तुम्हीच म्हणाला होतात की फेअर व्हायला समोर कुणीतरी लागतं. मी समोरच होतो. कपडा टाकून भाव करणं वाईट, असं मला टपरीवर ऐकवलंत आणि स्वतःचा सगळ्यात मोठा व्यवहार शालीखाली केलात. त्या दिवशी छत्रीनं उपरणं बाजूला सारणारी बाई कुठं गेली होती? निदान सगळं ठरल्यावर तरी सांगायचंत. भाव केला नसता, असं मी म्हणत नाही. केलाच असता. हरलो असतो. पण हरून तुमच्या उशाशी बसलो असतो. मला हसत चहा प्यायला लावलात, ते लागतंय.

तुमच्याकडून आता उत्तर येणार नाही. पण सौद्याला दोन हात लागतात, आणि दुसरा हात माझ्या घरात आहे.

मंदा, ही स्मरणिका छापून आली की तूच मला मोठ्यानं वाचून दाखवशील, कारण छापलेलं मला तुझ्या तोंडूनच ऐकायला आवडतं. इथपर्यंत आलीस की थांब. बाईंनी मागितलं आणि तू शब्द दिलास, तो पाळलास, त्यात माझी तक्रार नाही. पण ‘बाई, जाऊ नका’ एवढं एकदा तोंडावर म्हणायचा हक्क माझा होता. तो ना बाईंचा होता, ना तुझा. तो तू मला न विचारता कसा सोडलास? चहा ठेवायला उठू नकोस. बस इथं, आणि सांग.